हिरव्या झेंडीनंतर चढणारे व्याही

आमच्या व्याह्यांना सोडून पुढे जाईल अशी गाडी अजून या जगात निघालेली नाही, असं त्यांचं स्वतःचं मत होतं आणि या एका मतावर त्यांनी आयुष्यभर प्रवास केला. छोट्या लाइनीवरची प्रत्येक गाडी त्यांना घरच्या म्हशीसारखी वाटे. हंबरेल, चार पावलं टाकेल, पण धन्याला टाकून जाणार नाही. गाडी उभी असताना डब्यात चढणं त्यांना कमीपणाचं वाटत असावं. गार्ड हिरवी झेंडी दाखवायचा, इंजिन शिट्टी द्यायचं, डबे हिसका खाऊन हलायचे आणि मग हे गृहस्थ एका हातात भज्यांचा पुडा, दुसऱ्या हातात केळीची फणी घेऊन सावकाश निघायचे आणि दांड्याला कोपर अडकवून वर यायचे. खिडकीतून कोणी ओरडलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "झेंडी म्हंजे गाडी इचारून राहिली, जाऊ का म्हणून. आपण व्हय म्हणलं पायजे ना?"

ते शिरड शहापूरचे. पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, म्हणजे कालव्याचं पाणी कोणाच्या शेतात कधी सोडायचं ते बघणारे. मी हिंगोलीत एका जिनिंगमध्ये हिशेब लिहीत असे. आमची पहिली मोठी भेट झाली ती गाडीतच, आणि तेव्हा ते माझे व्याही झालेले नव्हते. नव्वदनंतरची गोष्ट, हिंगोली जिल्हा अजून वेगळा झाला नव्हता. त्यांचा मुलगा इंदूरकडे एका कारखान्यात फिटर होता. त्याने आमच्या मुलीला पाहिलं होतं, तिनेही त्याला पाहिलं होतं, दोघांची पसंती होती. बोलणी तेवढी पक्की व्हायची होती. मुलगी मला म्हणाली, "पोरगा चांगला आहे बाबा, पण खोलीपासून नळ किती लांब आहे तेवढं बघून या." म्हणून मी, माझी बायको, ते आणि त्यांच्या घरच्या, असे चौघे इंदूरला निघालो. ते दोघं वसमतला चढणार होते आणि आम्ही हिंगोलीला.

आमच्या भावकीत एक गोष्ट कोणी न बोलता ठरलेली आहे. मुलाकडच्यांनी मुलीच्या घरचं अन्न खाल्लं, की सोयरीक झाली. नुसत्या चहाने काही ठरत नाही. ज्यांना मोडायचं असतं ते तोंडाने नाही म्हणत नाहीत; "आत्ताच जेवून निघालो" म्हणतात, आणि समजायचं ते समजून घ्यायचं. त्यामुळे माझ्या बायकोने दोन दिवस आधीपासून तयारी केली होती. ज्वारीचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, तिळाच्या पोळ्या, दह्याची बरणी. चार माणसांना दोन दिवस पुरून उरेल असा हिशेब मीच करून दिला होता. गाडी हिंगोलीला आली तेव्हा पाहुणे आमच्या आधीच फलाटावर उतरून भजी खात उभे होते. मी म्हणालो, "पाहुणे, घरून आणलंय ना सगळं." ते म्हणाले, "जय भीम. राहू द्या, पोट भरून राहिलंय." आणि मिरची चावली.

माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. गाडी सुटली, पाहुणे झेंडीनंतर चढले, आणि ती माझ्या कानाशी लागली. "अहो, काहून न्हाई म्हणले ते?"

"पोट भरलं असेल."

"भज्यानं? पाच-पन्नास खाल्ले का काय!"

वाशीमला त्यांनी पेरू घेतले. अकोल्याला उसळ आणि पाव. पेरूवाल्या बाईशी त्यांनी झाड कोणत्या जमिनीत आहे, पाणी विहिरीचं की कालव्याचं, याची चौकशी केली. तिने विहिरीचं सांगितल्यावर "तरीच" असं म्हणून दोन पेरू जास्त घेतले. अकोल्याला उसळवाल्याला त्यांनी आपली स्वतःची स्टीलची ताटली दिली, कारण कागदात रस्सा टिकत नाही. तिथे झेंडी झाली तेव्हा ते उसळवाल्याला कालव्याच्या दाराला गळती कशी लागते ते हाताने दाखवत होते. मी दारात उभा राहून "पाहुणे, पाहुणे" करत होतो. गाडी हलली. मुलीकडच्या माणसाने मुलाच्या बापाला अकोल्याच्या फलाटावर सोडलं, ही बातमी आमच्या गावी आमच्या आधी पोहोचली असती. ते आले, एक थेंब न सांडता. त्यांच्या घरच्या बाई खिडकीशी सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. "येतेत ते," एवढंच म्हणाल्या आणि नवऱ्याने आणलेल्या उसळीत पाव बुडवला. आमचा डबा बाकाखाली होता. बायकोने दोनदा झाकण काढलं, दोनदा लावलं.

खाण्याइतकंच त्यांना बघण्याचं वेड. आकोट सुटलं, गाडी सातपुड्यात शिरली, आणि पाहुणे डब्यात कामाला लागले. धुळघाटाजवळ रूळ डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच डोक्यावरून जातो. आपण आत्ता ज्या रुळावरून आलो तो खाली दिसतो. चारचा आकडा म्हणतात त्याला. हा आकडा डब्यातल्या कोणाचा चुकू नये ही जबाबदारी पाहुण्यांनी स्वतःवर घेतली होती. वरच्या बर्थवर हैदराबादहून अजमेरला निघालेले एक दाढीवाले चाचा झोपले होते. पाहुण्यांनी त्यांचा अंगठा धरून हलवला.

"उठो चाचा, पूल आरा है."

"मेरेकू नींद आरी मियाँ."

"नींद घरकू बी आती. पूल नहीं आता."

चाचा चिडले, उतरले, खिडकीशी आले, खाली रूळ बघितला आणि "या अल्ला" म्हणाले. त्यानंतर दर बोगद्याला ते स्वतःच आधी खाली येऊन बसू लागले. मला मात्र त्या आकड्यातही सुख नव्हतं. मी पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत होतो, आता तरी भूक लागेल म्हणून. खांडव्याला त्यांनी पोहे-जिलेबी खाल्ली. बडवाहला शेव. त्याआधी नर्मदेच्या पुलावर तर ते दोन्ही दारांत उभे होते असं मला वाटतं, इतक्या वेळा ते इकडून तिकडे गेले.

बडवाह सुटल्यावर माझ्या बायकोने डबा उघडला आणि सरळ त्यांच्यासमोर धरला. "घ्या ना भाऊ, एक तरी."

त्यांनी डब्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ताई, रागावू नका. आत्ता नको."

बायकोने डबा लावला, मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर तोंड केलं. तिचा खांदा हलत होता तो गाडीमुळे की कशामुळे, हे मी तपासलं नाही. मनात मात्र मी सोयरीक खोडून टाकली. परत गेल्यावर मुलीला काय सांगायचं, तेवढाच प्रश्न उरला.

कालाकुंडला गाडी थांबते ती पुढच्या चढासाठी. मागून दुसरं इंजिन लावतात, ते गाडीला वर ढकलतं. तोवर फलाटावर बाया पळसाच्या पानात कलाकंद विकतात. पाहुणे अर्थातच उतरले. मागचं इंजिन लागल्याचा धक्का बसला, शिट्ट्या झाल्या, झेंडी झाली, गाडी निघाली. मी दारात. फलाट मागे सरकत गेला, संपला, पाहुणे नाहीत. दुसऱ्या दारात पाहिलं, नाहीत. संडासाचं दार वाजवलं, आतून कोणी तरी बाई ओरडली.

विहीणबाईंनी प्रथमच अडकित्ता खाली ठेवला. "पायरीवर दिसतेत ना दर बारीला. आज कसे न्हाई दिसले?" मग उठून दाराशी आल्या, वाकून मागे पाहिलं. मागे नुसता डोंगर आणि धूर. "त्यांच्या पायात चप्पल बी न्हाई हो," त्या म्हणाल्या. चप्पल बाकाखाली होती, आमच्या डब्याशेजारी.

मी साखळीला हात घातला. चाचांनी मनगट धरलं. "घाट में जंजीर मत खींचो साब. पीछे का इंजन धक्का मार रहा. ऊपर टेशन पे उतरो." मी हात काढला. बोगदा आला, डबा काळा झाला. दुसरा बोगदा आला. त्या अंधारात एक म्हातारा माणूस अनवाणी रुळावरून चालताना मला स्वच्छ दिसत होता, आणि त्याच्या मागून येणारी मालगाडीही दिसत होती. आमच्या बायका एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. कोणी कोणाचा आधी धरला, माहीत नाही.

पाताळपाणीला गाडी थांबायच्या आत मी उडी टाकली. मागे धावत सुटलो. आणि शेवटच्या डब्यातून, गार्डाच्या डब्यातून, पाहुणे उतरत होते. हातात पळसाच्या पानांचे पुडे, तोंडाला कलाकंद लागलेला. गार्ड त्यांना हात देऊन उतरवत होता.

"लई भला माणूस हाय," ते मला म्हणाले. "मागून घाट कसा दिसतो म्हणता! तुमी बी यायला पायजे होतं."

मुलीच्या बापाने मुलाच्या बापाशी जे कधी बोलू नये ते मी त्या फलाटावर सगळं बोललो. "तुमच्या मालकीणबाई तिकडे रडून राहिल्या. आमचा जीव गेला. सकाळपासून हातगाडीवाल्यांच्या हातचं खाताय, आमच्या घरचा घास चालेना तुम्हाला. सोयरीक करायची नसेल तर तसं तोंडाने सांगा, पण असं जिवाशी खेळू नका!" माझा आवाज इतका चढला, की कणसं भाजणारा कणसं फिरवायचा थांबला.

पाहुण्यांनी पुडे कठड्यावर ठेवले. तोंड पुसलं.

"सोयरीक करायचीये म्हणूनच खात न्हाई," ते म्हणाले.

मला कळलं नाही.

"माझ्या थोरल्या पोरीच्या वक्ताला पावने आले, जेवले. मग मी पोराचं घर बघायला गेलो. घर मला न्हाई आवडलं. मानसं बी न्हाई. पण ते जेवलेले व्हते. आता न्हाई कसं म्हणावं? भावकी काय म्हणंल? दिली पोरगी." त्यांनी कठड्यावरचा एक पुडा सरळ केला. "दोन वर्षानं माघारी आली. घरीच हाय. तुमी पाहिली ना, पानी आनून दिलं तिनं."

मी पाहिली होती, बोलणीसाठी त्यांच्या घरी घटकाभर गेलो होतो तेव्हा. ती त्यांची मुलगी आहे एवढंच मला सांगितलं होतं.

"मी तुमचं खाल्लं, की तुमची जबान बांधली जाते. पोराची खोली लहान हाय. वर पत्रा हाय. तुमी आदी डोळ्यानं बघा. न्हाई म्हणायचं तर मोकळ्या तोंडानं म्हणा. म्हणून सकाळपून जे दिसंल ते खाऊन राहिलो. धपाट्याचा वास मला येत न्हाई का? ताईनं डबा उघडला की माझे हाल होऊन राहिले."

मागचं इंजिन सुटलं होतं. गार्ड झेंडी घेऊन आमच्याकडेच बघत उभा होता. त्या दिवशी पाहुणे पहिल्यांदा झेंडीच्या आधी चढले, कारण मी त्यांचा दंड धरला होता. डब्यात मी बायकोला एवढंच सांगितलं, "डबा आत्ता उघडू नको." तिने कारण विचारलं, मी सांगितलं, आणि मग मात्र तिचा खांदा कशामुळे हलतोय ते तपासायची गरज राहिली नाही. महू आलं, भीमरायाची जन्मभूमी, तेव्हा आम्ही चौघंही उभे राहिलो आणि हात जोडले. चाचांनीही जागा करून दिली.

खोली खरोखरच लहान होती. मी वितीने मोजली. पत्रा होता, पण खाली बारदान लावून ताप कमी केलेला होता. नळ दाराजवळ होता. पाणी एक दिवसाआड येई. मुलाने त्यासाठी पिंप भरून वर झाकण घातलं होतं. बायकोने फळीवरची भांडी उलटून बघितली, तळ घासलेला होता. पाहुणे त्या वेळात बाहेर ओट्यावर पाठ करून बसले होते, आमच्या तोंडाकडे बघायला लागू नये म्हणून. मी बाहेर गेलो आणि म्हणालो, "व्याही, जेवायला चला."

ते पाठमोरेच म्हणाले, "ताईला बी विचारलं का?"

"तिनेच पाठवलंय."

धपाटे वाळून कडक झाले होते, दही आंबलं होतं. चौघांचा दोन दिवसांचा माझा हिशेब त्यांनी एका बैठकीत संपवला.

पुढे त्या लाइनीने आम्ही किती तरी वेळा गेलो, नातवंडं बघायला. घरचा डबाही असे आणि फलाटावरचंही असे. अशाच एका फेरीत, चोरलच्या आसपास, ते खिडकीतून बघत म्हणाले, "व्याही, इतक्या टेशनांचं खाल्लं, पण टेशनामागचं गाव एकबी पाहिलं न्हाई. एकदा उतरू अन् गाडीला जाऊ देऊ." मी लगेच वेळापत्रक काढलं. पुढची सोयीची गाडी दुसऱ्या दिवशी होती. मी विचारलं, "मग रात्री राहायचं कुठे?"

"गाव हाय ना," ते म्हणाले.

माझी रजा शिल्लक नव्हती. नंतर त्यांचे गुडघे गेले. मग आमच्या बाजूला मोठ्या लाइनीचं काम निघालं, छोटे रूळ उचलले, आणि हिंगोलीहून सरळ घाटात जाणारी ती गाडी बंद झाली. मोठी गाडी आली त्या वर्षी व्याही नव्हते. ती छान आहे, वेळेवर धावते. जेवण जागेवर येतं, उतरावं लागत नाही. एखाद्या लहान स्टेशनावर ती न थांबता निघाली, की मागे झाडांत चार घरं दिसतात, एखादी पायवाट दिसते, तिच्यावरून कोणीतरी गावाकडे चाललेलं असतं. मी मान वळवून दिसेल तोवर बघत राहतो.