नागोजीचं डिस्करेज

येळ्ळूरचा नागोजी इंग्रजी शिकला तो घोडीपायी. बेळगावच्या स्टेशनापासून कॅम्पापर्यंत तो टांगा हाकायचा. त्याची घोडी चिंगी ही बायकोपेक्षा समजूतदार आहे, असं त्याचं मत होतं आणि ते तो बायकोसमोरच बोलून दाखवायचा. बाळाबाई म्हणायची, "मग तिलाच भाकऱ्या थापाय सांगा."

कॅम्पात नवा आलेला एक गोरा कप्तान मात्र टांग्यात पुढं बसायचा आणि वाटभर छडीच्या टोकानं चिंगीला टोचत राहायचा. चिंगी दचकायची, नागोजी तिला चुचकारायचा. पण साहेबाला सांगायचं कसं? नागोजीजवळ इंग्रजीचे दोनच शब्द होते, 'येस' आणि 'सलाम'. त्यातला दुसरा इंग्रजी नाही, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

शेवटी तो टिळकवाडीत केशवमास्तरांच्या घरी गेला. मास्तर शाळेत इंग्रजी शिकवायचे. मॅट्रिकला ते पहिल्या खेपेस आपटले होते ते 'डिस्करेज' या एका क्रियापदामुळे, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. तेव्हापासून त्या क्रियापदाची त्यांनी जन्माची पाठ धरली होती. नागोजीची अडचण ऐकली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, तुला नेमकं डिस्करेजच पाहिजे," ते म्हणाले. "म्हणजे एखाद्याला एखाद्या गोष्टीपासून परावृत्त करणं."

"म्हंजे नको म्हणायचं, पर अदबीनं."

"तसंच समज. आधी कोणाला ते सांगायचं. मग 'फ्रॉम'. मग क्रियापदाला 'इंग' जोडायचं. मध्ये 'टू' आणलास तर सगळं नासलं."

"इंग म्हंजे शेपूट."

"शेपूट म्हण," मास्तर म्हणाले. आतून मास्तरांच्या बायकोनं, यशोदाबाईंनी, चहा आणून ठेवला. मास्तरांना इतका मन लावून ऐकणारा विद्यार्थी शाळेत कधी मिळाला नव्हता, हे बाईंनी ओळखलं असावं, कारण चहात साखर जास्त होती.

मास्तरांनी वाक्य बांधून दिलं आणि नागोजीनं ते घोकायला घेतलं. खरारा करताना घोकलं, चाकाला वंगण देताना घोकलं. 'टू' जिभेवर यायचंच. आलं की तो स्वतःच्या गालावर हलकी चापट मारून घ्यायचा. स्टेशनावरचे बाकीचे टांगेवाले म्हणाले, याला माशा लई चावाय लागल्यात.

मग एका सकाळी कप्तान टांग्यात चढला, छडी उचलली, आणि नागोजीनं लगाम खेचला. पागोटं सारखं करून तो म्हणाला, "सर, आय डिस्करेज यू फ्रॉम पोकिंग माय हॉर्स."

कप्तान आधी घोडीकडं बघत राहिला, मग नागोजीकडं. मग इतका हसला की तोंडातला पाइप पायाशी पडला. पण छडी त्यानं मांडीखाली घातली ती पुन्हा काढली नाही. उतरताना त्यानं चिंगीच्या मानेवर थोपटलंसुद्धा.

इथंच नागोजीचं बिघडलं. एका वाक्यानं गोरा साहेब गप होतो म्हटल्यावर ते वाक्य त्याला जिथं तिथं लावावंसं वाटू लागलं. मास्तरांकडून उचललेले इंग्रजी शब्द थोडेच होते, पण शेपूट हाताशी होतं.

"आय डिस्करेज यू फ्रॉम मीठ घालिंग," तो बाळाबाईला म्हणाला.

"कसलं घालिंग?"

"आमटीत. लई खारट हाय."

"मग जेवू नगासा."

"आय डिस्करेज यू फ्रॉम भांडिंग," नागोजी म्हणाला, आणि त्या दिवशी त्याला कोरडी भाकरी मिळाली.

तेवढ्यावर भागलं असतं. पण एका दुपारी स्टेशनावर सोला टोपी घातलेला एक गोरा साहेब उतरला. विलायतेहून नवा आलेला, घामानं निथळत होता. त्यानं शाळेचं नाव सांगितलं. ती केशवमास्तरांचीच शाळा. नागोजीला साहेबाची कणव आली. शाळेचा जिना मोडकळीला आलाय आणि जेवणानंतर हेडमास्तर झोपतात, हे त्यानं मास्तरांच्या तोंडून ऐकलं होतं. एवढ्या उन्हात हा बिचारा कशाला तिथं जातोय?

"सर," तो मागं वळून म्हणाला, "आय डिस्करेज यू फ्रॉम गोइंग. स्टेअर ब्रोकन. हेडमास्टर स्लीपिंग."

साहेब सावरून बसला. हे तुला कुणी शिकवलं, असं त्यानं विचारलं. नागोजीनं छाती काढून केशवमास्तरांचं नाव सांगितलं, वर 'सेम स्कूल' असंही जोडलं. साहेबानं टांगा जोरात हाकायची खूण केली. तो शाळातपासणीस होता, हे नागोजीला फाटकातल्या शिपायाचा चेहरा बघून कळलं.

व्हायचं ते झालं. जिन्याच्या पायरीत साहेबाचा पाय गुडघ्यापर्यंत गेला. नागोजीनं धावत जाऊन तो ओढून काढला. वर हेडमास्तर तोंडावर उपरणं घेऊन घोरत होते. तिथून साहेब लंगडत थेट केशवमास्तरांच्या वर्गात शिरला. मागून नागोजी, हातात साहेबाची टोपी. आपण मास्तरांच्या भाकरीत माती कालवली, एवढंच त्याला कळत होतं.

साहेब इंग्रजीत म्हणाला, तुमच्या टांगेवाल्यानं मला इथं येण्यापासून डिस्करेज केलं.

हेडमास्तर तोवर मागं येऊन उभे होते, ते पांढरेफटक पडले. केशवमास्तरांनी मात्र हातातला खडू खाली ठेवला आणि विचारलं, "सर, डिड ही से 'टू' ऑर 'फ्रॉम'?"

"फ्रॉम," साहेब म्हणाला. "अँड आय-एन-जी."

मास्तरांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. साहेबाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं मास्तरांचा हात धरून हलवला आणि हेडमास्तरांशी पुढचं सगळं बोलणं जिन्याबद्दल केलं. जिना लवकरच दुरुस्त झाला. हेडमास्तर मास्तरांशी पुष्कळ दिवस बोलले नाहीत, आणि शाळेतल्या इतर मास्तरांना त्या अबोल्याचा हेवा वाटला.

परतीच्या वाटेवर साहेबानं नागोजीला सांगितलं, तू आता 'एन्करेज' शीक. संध्याकाळी नागोजी तो शब्द कसाबसा तोंडात धरून टिळकवाडीला पोचला.

"म्हणजे उमेद देणं," मास्तर म्हणाले. मग खालच्या आवाजात, "पण त्याला 'टू' लागतं."

नागोजीनं घाईनं विचारलं, "मग फ्रॉम?"

"नाही लागत."

"न् शेपूट?"

"तेही नाही."

नागोजीनं हात गालापाशी नेला, पण चापट मारायची का नाही हे त्याला ठरवता येईना. तो उठला आणि पागोटं डोक्यावर ठेवलं.

"येतो, मास्तर. घोडीला पानी पाजायचं हाय."

"अरे, चहा तरी घे."

"आज नगो," नागोजी म्हणाला. बाहेर येऊन तो टांग्यात बसला आणि घरापर्यंत चिंगीशी निव्वळ मराठीत बोलत गेला.