लाझारोसच्या बसमधला कोलिवा

लाझारोसची बस वळणावर दिसली की मी कॉफीचं भांडं चुलीवर चढवते. त्याला थांबायला वेळ नसतो आणि मला त्याची कटकट ऐकायला. कालामाता शहरातून आमच्या पलातिया गावाला बस आणण्यात त्याचा अख्खा जन्म गेला. सगळा घाटरस्ता, खाली ते जुने दगड, म्हणजे पडक्या देवळाचे खांब, आणि वर आम्ही. "पर्यटक खाली उतरतात, माणसं वर येतात," असं तो स्वतःच म्हणतो आणि स्वतःच हसतो.

त्याच्या बसमधून नुसती माणसं येत नाहीत. औषधं येतात, चष्मे येतात, एकदा कुणाच्या तरी जावयासाठी जिवंत टर्की आली होती. शहरातल्या थांब्यावर सामान द्यायचं, नाव सांगायचं, की ते माझ्या कॉफीच्या दुकानासमोर पोचलंच म्हणून समजा. रात्री-अपरात्री कुणाच्या पोटात दुखलं तर हाच गाडी काढणार. अशा माणसाला गावानं डोक्यावर घेतलं तर नवल काय.

पण एका नावावर त्याचं तोंड शिवल्यासारखं व्हायचं. आर्गिरिस. पूर्वी त्याच्याच बसवर कंडक्टर होता. लाझारोसच्या पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानंच हातात धरलेलं, आणि हे नातं आमच्याकडे सख्ख्या भावाहून जवळचं. मग एकदा बस घाटातल्या कठड्यावर आदळली. मेलं कुणी नाही, पण आमच्या पोस्टमनचा पाय कायमचा गेला. चौकशीत आर्गिरिस म्हणाला, ड्रायव्हर प्यायला होता. लाझारोसनं देवाची शपथ घेतली, थेंबही घेतला नव्हता. आता औषधं आणून देणारा लाझारोस खरा, की सदा तिकिटावरून हुज्जत घालणारा आर्गिरिस? गावानं क्षणभरही विचार केला नाही. आर्गिरिस माझ्या दुकानात आला की लोक खुर्च्या फिरवून बसायचे. शेवटी तो बायकोला घेऊन कालामाताला गेला, आणि या हिवाळ्यात तिथेच वारला. मातीला लाझारोस गेला नाही. गावातलंही कुणी फारसं गेलं नाही.

त्याची आई थेक्ला मात्र इथेच राहते. तिनं मनात घेतलं की चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना गावातच व्हायची. सून शहरातून कोलिवा करून पाठवणार: उकडलेले गहू, त्यात बेदाणे, बदाम, साखर. प्रार्थना झाली की प्रत्येकानं मूठभर खायचा आणि म्हणायचं, "देव त्याला क्षमा करो." थेक्ला दारोदार फिरली. माझ्याकडेही आली.

"ये गं स्तामातिना. चार दाणे खा. खोटं बोलला असेल माझा पोरगा, पण आता त्याला सोडा सगळ्यांनी."

गावाच्या तोंडून ते शब्द निघाल्याशिवाय पोराला तिकडे शांती नाही, असं तिला वाटत होतं. मी येते म्हटलं. म्हातारीला नाही कोण म्हणणार?

प्रार्थनेच्या दिवशी, शनिवारी सकाळी मी दात दाखवायला शहरात गेले होते. परतताना लाझारोसच्याच बसमध्ये बसले. तो सगळ्या मृतात्म्यांचा शनिवार होता. त्या दिवशी शहरातल्या प्रत्येक चर्चमध्ये कोलिवा वाटतात आणि उरलेल्या पुड्या लोक बसवाल्याला आठवणीनं देऊन जातात. खांब पाहायला निघालेलं एक परदेशी जोडपं, सुट्टीवर चाललेला एक सैनिक, टोपल्या घेतलेल्या दोन-तीन बायका, अशी बस निम्मी भरलेली. घाटाच्या मध्यावर दरड कोसळलेली. माती उपसणारं यंत्र आलं होतं, पण चालवणारा जेवायला गेला होता.

"बसा आता," लाझारोस म्हणाला. "साहेबांचं जेवण झालं की आपली सुटका."

बराच वेळ गेला. सगळ्यांना भुका लागल्या. तेवढ्यात लाझारोसला त्याच्या सीटमागे एक खोकं दिसलं. उघडलं तर कोलिव्याच्या कागदी पुड्या, गच्च भरलेल्या.

"बघा, देव आहे," तो म्हणाला. "कुणीतरी भली बाई ठेवून गेलेली दिसते."

"पण कुणाचा आहे रे?" मी विचारलं.

"कुणाचा का असेना. मेलेल्याला गोत्र विचारत बसू काय? तू खा गपचूप. दात दुखतोय ना, म्हणून हळू खा."

त्यानं स्वतः फिरून सगळ्यांना पुड्या वाटल्या. परदेशी माणूस पैसे काढायला लागला, तर यानं त्याचा हात खिशात परत कोंबला आणि शब्दाशब्दानं आमच्या भाषेत म्हणायला शिकवलं, "देव त्याला क्षमा करो." त्या बिचाऱ्यानं ते इतकं वेडंवाकडं म्हटलं की सगळी बस हसली. मग लाझारोसनं दोन पुड्या एकदम तोंडात रिकाम्या केल्या आणि भरल्या तोंडानं, मोठ्यानं म्हणाला, "जो कोण असशील बाबा, देव तुला क्षमा करो."

रस्ता मोकळा झाला. जोडपं खांबांपाशी उतरलं आणि आम्ही वर आलो. माझ्या दुकानासमोर थेक्ला उभी होती. मागे चर्चच्या दाराशी चक्क निम्मं गाव जमलेलं. आले होते हो लोक. म्हातारीचा चेहरा कधी नव्हे इतका उजळलेला होता.

"लाझारोस," ती म्हणाली, "माझं खोकं दे बाबा. सुनेनं तुझ्या हातात द्यायचं टाळलं, थांब्यावरच्या हमालाकडे दिलं. रागावू नकोस. पाद्री केव्हाचे खोळंबलेत."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हमाल सांगायचं विसरला होता, हे आम्हाला मागाहून कळलं. सून लाझारोसच्या बसनं काही पाठवेल, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. तेव्हा तो नुसता रिकामं खोकं हातात घेऊन पायरीवर उभा राहिला.

"मावशी, खाल्ला गं आम्ही. मी वाटला. मला वाटलं, शनिवारचा..."

थेक्लानं खोक्यात पाहिलं. मला वाटलं आता ही रडणार, नाहीतर याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार. ती हळूच म्हणाली, "खाताना म्हटलं का सगळ्यांनी?"

"म्हटलं."

"तू? तूही म्हटलंस?"

"म्हटलं, मावशी."

तिनं क्रूसाची खूण केली आणि त्याचे दोन्ही हात धरले. "मग झालं रे सगळं. गावाचं काय, गाव येतं नि जातं. अपराध त्यानं तुझा केला होता. तुझ्या तोंडून आलं, माझा पोरगा सुटला." आणि ती त्याच्या हाताचं चुंबन घ्यायला वाकली.

लाझारोसनं हात असा ओढला की खोकं खाली पडलं. चर्चच्या दारातली माणसं जवळ आली होती. पोस्टमनही होता, कुबडी घेऊन.

"नको," लाझारोस म्हणाला. "मी प्यायलो होतो, मावशी. त्या दिवशी मी प्यायलो होतो. आर्गिरिस खरं बोलला."

लाझारोस पोस्टमनकडे बघायचा प्रयत्न करत होता आणि त्याला ते जमत नव्हतं. पोस्टमननं मान फिरवली. माझ्या मनात मात्र त्या फिरवलेल्या खुर्च्या आल्या.

"आता म्हण गं मावशी काय म्हणायचं ते," लाझारोस म्हणाला. "मार मला."

थेक्ला बसच्या पायरीवर बसली. खोकं उचलून मांडीवर घेतलं, तळाशी हात फिरवला, चार दाणे निघाले. पाद्री दारातून विचारत होते, "कोलिवा आला का? सुरू करू का?"

"मीच पोराला घराबाहेर काढलं," ती म्हणाली. लाझारोसला नव्हे, कुणालाच नव्हे. "म्हटलं, खोटं मागे घे, लाझारोसची माफी माग, तोवर मला आई म्हणू नकोस. आणि त्यानं पुन्हा कधीच मला आई म्हटलं नाही."

पुढं होऊन मी तिला धरलं. तिनं हातातले दाणे तोंडाशी नेले आणि तसेच थांबवले.

"कुठल्या तोंडानं म्हणू गं, देव त्याला क्षमा करो?" तिनं मला विचारलं. "क्षमा त्यानं करायची होती मला."