दिशाभूल, आणि वाटणीच्या मिरच्या

१७ एप्रिल. गच्चीवर वाळलेल्या मिरच्यांची देठं काढत बसलो होतो, मी आणि समोरच्या दारातली मैत्रीण. बोरिवलीच्या या इमारतीत आल्यापासून वर्षाचा मालवणी मसाला आम्ही दोघी एकत्रच करतो. मिरच्या एकाच चादरीवर, मसाला कुटायला डंकावर फेरी एकच, घरी आल्यावर वाटणी.

पाण्याची टाकी बघायला सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. जाताना तिला म्हणाले, सामान हलवायला लिफ्ट कधी लागेल ते आधी सांगा.

ती मान खाली घालून देठं खुडतच बोलली. घर विकलं, व्यवहार दिवाळीआधीच ठरला होता, आता पुण्याला लेकाकडे.

दिवाळीतच माझ्या मुलीने मुलुंडला तिच्या इमारतीत माझ्यासाठी भाड्याची जागा बघितली होती. जाऊ का, म्हणून मी हिलाच विचारलं. "जाऊ नकोस गं," ती म्हणाली होती, "तू गेलीस तर मी कोणाचं दार वाजवू?" मी मुलीला नको म्हणून सांगितलं. ती जागा गेली.

"खोटं बोललीस माझ्याशी."

"खोटं काय बोलले? तू गेली असतीस तर एवढे महिने मी एकटी पडले असते ना."

तेही खरंच. पोटमाळा रिकामा करताना तिने गुडघ्यांचं कारण दिलं होतं; तिचे गुडघे दुखतात हे मला ठाऊक आहे. यंदा मला मसाला थोडाच, खाणारं कोण आहे, म्हणाली, तेही खरं. गंडवलं, टोपी घातली, हे आमच्याकडे हसत म्हणतात आणि थाप कधीतरी पकडता येते. दिशाभूल हा शब्द मी फक्त पेपरात वाचायचे, पुढाऱ्यांच्या नाहीतर जाहिरातींच्या बातम्यांत. घरच्या माणसाबद्दल कोणी तो वापरलेला आठवत नाही. त्यात एकही वाक्य खोटं असावं लागत नाही. ऐकणारा कुठे वळणार, एवढं बोलणाऱ्याला माहीत असलं की झालं.

उरलेली देठं आम्ही काढून संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्यावर तिच्या वाटणीच्या मिरच्या वेगळ्या पिशवीत भरल्या. तिच्या घराची चावी आमच्या खिळ्याला असायची, ती पिशवीत टाकली आणि पिशवी तिच्या कडीला अडकवली. मुलीला फोन करून दुसरी जागा बघायला सांगितलं. मग ऊन चढायच्या आत माझ्या मिरच्या घेऊन डंकावर गेले.