शाल, नारळ आणि बिनकठड्याच्या पायऱ्या

मला चक्कर आली नव्हती. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण हे वाक्य मी आजवर ज्याला ज्याला ऐकवलं त्याने मान डोलावून "हो हो काकू, तुम्ही आराम करा" एवढंच म्हटलंय. कागद निदान मान तरी डोलावत नाही.

मी पंचाहत्तर वर्षांची आहे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. भोपाळला शाहपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. एकटी राहते म्हटलं की लोक लगेच चेहरा पाडतात, तो पाडू नये. वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून इथे आले, मी इथेच शिकले, इथल्याच ऑफिसात फायली उपसून निवृत्त झाले. मुलगा पुण्याला असतो. सकाळी तलावाकडे फेरी मारते, भाजी स्वतः निवडून आणते आणि दुपारी कुणालाही न विचारता झोपते. हे सगळं मला फार आवडतं.

आणि पडायचं नाही म्हणून मी जितकी जपते तितकी आमच्या मराठी मंडळातली एक बाई जपत असेल तर शपथ. घरातली सगळी पायपुसणी मी केव्हाच काढून टाकली, कारण ती सरकतात. घरात वेगळ्या रबरी चपला घालते. त्यावरून "देवघर आहे हो घरात" असं मला ऐकवून झालंय. मी म्हटलं, देवाला माझं हाड मोडलेलं आवडणार असेल तर तो देव तुमच्याकडे ठेवा. डाळ-तांदळाचे डबे कमरेच्या उंचीवर आणलेत, स्टुलावर चढत नाही, आंघोळ झाली की पाय कोरडे केल्याशिवाय बाहेर पाऊल टाकत नाही. रोज चहा उकळेपर्यंत ओट्याला हात लावून एका पायावर उभी राहते, मग दुसऱ्या. कामवाली हसते. हसू दे.

अशा मला पाडलं कुणी, तर माझ्या सत्काराने.

आमच्या मराठी मंडळात पंचाहत्तरी गाठली की वर्धापनदिनाला सत्कार होतो. नको म्हणायची सोय नाही. नको म्हटलं तर "काकूंचा विनम्रपणा" म्हणून तोही माइकवर सांगतात. कार्यक्रम एका भाड्याच्या हॉलमध्ये होता. टेंटवाल्याने लाकडी मंच बांधलेला, त्यावर हिरवा गालिचा, आणि तोच गालिचा पायऱ्यांवर नुसता अंथरलेला. खिळा नाही, पट्टी नाही. पायऱ्यांना कठडा तर नाहीच. मंचावर देवीची तसबीर आणि समई, म्हणून चपला खाली काढायच्या. चढताना मला दोघींनी दोन्ही बाजूंनी धरून नेलं. उतरताना धरायचं असतं हे कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण तोवर माइकवर पुढचं नाव पुकारलेलं असतं.

वर माझं काय केलं ते ऐका. खांद्यावर शाल टाकली. ती असली गुळगुळीत, की श्वास घेतला तरी घसरणार. एका हातात नारळ दिला, दुसऱ्या हातात पुष्पगुच्छ. मानपत्राची काचेची फ्रेम काखेत सरकवली. म्हाताऱ्या माणसाला सावरायला देवाने जे जे दिलंय ते सगळं बांधून टाकायची ही आपली मराठी पद्धत, आणि आपण तिला सन्मान म्हणतो. हसून फोटो दिला. मग "चला काकू" झालं.

मी वरच्या पायरीवर पोचले आणि मंडळात नवीनच आलेली एक बाई खालून लगबगीने चढली नि नमस्कारासाठी वाकली. भली बाई, तिचा काही दोष नाही. तिने माझ्या पावलावर हात ठेवले, मी अभावितपणे दुसरा पाय मागे घेतला आणि त्या पायाखालचा गालिचा सरकला. नारळ टाकून दिला असता तर एक हात मोकळा झाला असता. पण खाली तिचं डोकं होतं. शिवाय सत्काराचा नारळ टाकायचा नसतो हे लहानपणापासून अंगात इतकं मुरलेलं, की मी पायऱ्यांच्या उघड्या बाजूने खाली जाताना तो पोटाशी घट्ट धरूनच गेले. डाव्या हाताचं मनगट मोडलं. नारळाला ओरखडा नाही.

तर ही अशी मी पडले. आता यात चक्कर कुठे आली ते सांगा.

पण मी जमिनीवर असतानाच अध्यक्षांनी माइकवरून सांगून टाकलं, "काकूंना जरा चक्कर आली आहे, कृपया गर्दी करू नका." मी खालून ओरडले, "चक्कर नाही, गालिचा." ऐकतो कोण. इस्पितळात डॉक्टरने प्लास्टर घालता घालता फर्मावलं, "माताजी, इस उमर में चक्कर आ ही जाती है." मी म्हटलं, बेटा, गालिचा सरकला तर तुझ्याही उमरमध्ये पडशील. तो हसला आणि पुढचं सगळं माझ्या डोक्यावरून मागे उभ्या असलेल्या अध्यक्षांशी बोलला. हात माझा, हाड माझं, आणि चर्चा त्या दोघांची. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण हात त्याच्या ताब्यात होता.

दोन दिवसांनी अध्यक्ष घरी फळं घेऊन आले. माणूस साठीचा, गोड बोलणारा. "काकू, थंडीमुळे बीपी खाली गेलं असेल," म्हणाले. मी म्हटलं, "बीपी जागेवर होतं, तुमचा गालिचा जागेवर नव्हता. पुढच्या वेळी टेंटवाल्याला सांगून पायऱ्यांना कठडा लावून घ्या." तर म्हणे, "सांगायला हरकत नाही, पण कठडा फोटोत मध्ये येतो हो." हे त्यांनी माझ्या प्लास्टरकडे बघत म्हटलं. वर सफरचंद खायचा आग्रह केला. मी नाही खाल्लं.

इतकंच असतं तर चार दिवस चिडचिड करून गप्प बसले असते. पण ती चक्कर अध्यक्षांनी फोनवरून माझ्या मुलाच्याही कानावर घातली होती. मुलगा मिळेल त्या गाडीने आला. राणी कमलापती स्टेशनवर उतरला, ज्याला मी अजून हबीबगंजच म्हणते, आणि रिक्षाने थेट घरी. दारातच त्याचा चेहरा पाहिला आणि मला कळलं, हा ठरवून आलाय.

मुलगा वाईट नाही. सांगायलाच हवं. आल्या आल्या कुकर लावला. एका हाताने माझी वेणी घालता येईना, तर त्याने घातली, वाकडीतिकडी, जीभ दाताखाली धरून. आणि वेणीला रबर लावता लावता म्हणाला, "आई, आता पुरे झालं. फ्लॅट विकू. तू पुण्याला चल. रविवारी एक ब्रोकर बघायला येतोय."

मी विचारलं, "कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? तुला चक्कर येते. इथे बाथरूममध्ये आली असती तर कुणाला कळलं असतं?"

मी त्याला सगळं सांगितलं. गालिचा, नारळ, वाकलेली बाई, सगळं. त्याने शांतपणे ऐकलं. मग माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाला, "ठीक आहे आई, नसेल आली चक्कर. पण वय तर झालंय ना." थोपटलं त्याने मला. मी त्याला लहानपणी ताप आला की असं थोपटायचे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढचे दिवस आमचं धड बोलणं नव्हतं. तो फोनवर बायकोशी हळू आवाजात बोलायचा, "हो, खोली मोकळी करून ठेव" वगैरे. मी ऐकू येत नाही असं दाखवायचे. घरातून फिरताना एकेका गोष्टीला उगाच हात लावून बघत होते. खिडकीतून तलावाची एक चिंधी दिसते, फार नाही. ती पुण्याला दिसणार नव्हती. खरं सांगते, मला भीती वाटत होती. पडले तेव्हा वाटली नव्हती इतकी.

रविवारी सकाळी चहा घेताना माझा फोन वाजला. मंडळाच्या ग्रुपवर अध्यक्षांचा निरोप होता. मी मोठ्याने वाचला. नुकत्याच घडलेल्या अप्रिय प्रसंगाचा विचार करून कार्यकारिणीने ठरवलं होतं, की यापुढे ज्येष्ठांना मंचावर बोलावलं जाणार नाही. त्यांचा सत्कार खाली, पहिल्या रांगेत, खुर्चीवर बसूनच होईल. खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली होती, रांगच्या रांग.

मुलगा म्हणाला, "बरं केलं. शहाणपणाचा निर्णय आहे."

मी कप खाली ठेवला. जरा आपटलाच, तो रागाने. वयाने नाही, हेही इथे लिहून ठेवते.

"शहाणपणाचा? कठडा लावायला चार पाइप लागतात. ते लावायचे नाहीत. गालिच्याला खिळे मारायचे नाहीत. त्यापेक्षा म्हाताऱ्यांनाच खाली बसवलं की काम झालं. आणि तू तरी वेगळं काय करतोयस? मला बाथरूममध्ये धरायला काही नाही. जिन्यातला दिवा पावसाळ्यापासून गेलाय. इथे येऊन इतके दिवस झाले, तू बाथरूमच्या भिंतीकडे एकदा तरी पाहिलंस? ब्रोकर मात्र पहिल्या दिवशी शोधलास."

तो म्हणाला, "आई, मला भीती वाटते गं. तुझा फोन उशिरा लागला तरी माझं कामात लक्ष लागत नाही. तिकडे बसून मी काय करू?"

"वाटू दे भीती. तू कॉलेजात असताना स्कूटर घेतलीस, आठवतं? संध्याकाळी घरी येईपर्यंत मी त्या गॅलरीत उभी असायचे. घास उतरायचा नाही मला. पण मी तुझी स्कूटर विकली नाही. तुझ्या बाबांना जवाहर चौकात पाठवून हेल्मेट आणवलं. माझी भीती मी माझ्यापाशी ठेवली आणि तुला जाऊ दिलं. आता तुझी पाळी आली तर तू थेट स्कूटरच विकायला निघालास."

स्वयंपाकघरात कामवाली भांडी घासायची थांबली होती, ती पुन्हा घासायला लागली. मुलाने चहा संपवला, तो गार झाला होता तरी संपवला. मग फोन उचलून बाल्कनीत गेला. ब्रोकरशी बोलताना त्याचा आवाज हळू नव्हता. "नाही, आज मत आइए. नहीं, बाद में भी नहीं." दोन्ही भाषा एकमेकींत गेल्या होत्या, भोपाळमधला तो लहानपणीचा मुलगा बोलावा तशा.

मला वाटलं होतं, जिंकले की राग जाईल. नाही गेला. मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं अजून येत होती. त्यांना मी उत्तर लिहिलं. मला खुर्ची नको, कठडा हवा, आणि तो होईपर्यंत माझं मानपत्र परत घेऊन जावं. त्यावर कुणी हात जोडले नाहीत. अध्यक्षांनी अजूनही काही कळवलेलं नाही.

दुपारी मुलगा पायऱ्या उतरून कुठेतरी गेला. परतला तो एका मिस्त्रीला घेऊन. हातात स्टीलचा जाडजूड दांडा, आणि खिशात जिन्याचा बल्ब. मिस्त्री सरळ बाथरूममध्ये शिरला आणि ड्रिल भिंतीला टेकवून म्हणाला, "यहीं लगा देता हूँ, सब यहीं लगवाते हैं."

"रुको," मुलगा म्हणाला. मग दाराकडे वळून त्याने मला हाक मारली. "आई, इकडे ये. तुझा हात कुठे जातो?"

पडल्यापासून मला लोकांनी खूप काही सांगितलं होतं. विचारलं कुणीच नव्हतं. मी आत गेले, आंघोळीच्या स्टुलावर बसले, आणि रोज उठते तशी उठले. चांगला हात आपोआप भिंतीवर गेला, मिस्त्रीच्या ड्रिलपासून चांगला वीतभर खाली. मुलाने तिथे पेन्सिलने खूण केली.