फ्यूजची रिकामी जागा

बाबा गेले तेव्हापासून मी दत्ताशी अबोला धरला होता. संध्याकाळी त्याच्या तसबिरीपुढे दिवा लावायचे, पण तो आईच्या समाधानासाठी. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना पोटापाण्याला लावणाऱ्या माणसाला शेवटी इतकं झिजवून नेलंस, मग तुझ्याशी बोलायचं काय, असा माझा हट्ट होता.

बाबा आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स करणाऱ्या मुलांना शिकवत. वर्कशॉपात दत्ताच्या तसबिरीला हात जोडल्याशिवाय काम सुरू होत नसे. शिवाय त्यांचा एक नेम होता. तारेला हात लावण्याआधी मीटरजवळचा फ्यूज उपसून स्वतःच्या खिशात टाकायचा, म्हणजे मागे कुणी चुकून वीज चालू करणार नाही. "फ्यूजची जागा रिकामी दिसली, की समजायचं कुणीतरी तारेवर आहे," हे ते मुलांना सांगत आणि जेवताना आम्हालाही. संध्याकाळी जामबागेच्या फूलबाजारातून आईसाठी गजरा आणत, तेव्हा त्याच खिशातून कधी विसरलेला फ्यूजही निघे आणि मग आईची बोलणी खात. मी चिडवायचे, "दत्तावर भरवसा आहे ना, मग फ्यूज खिशात कशाला?" ते हसून म्हणत, "भरवसा आहे म्हणूनच. त्यानं दिलेली अक्कल वापरायची नाही, तर नमस्कार तरी कशाला करायचा?"

यंदाच्या उन्हाळ्यात आईची फुप्फुसं फारच थकली आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. एका दुपारी ते एकाएकी बंद पडलं. आमच्या चिक्कडपल्लीच्या जुन्या इमारतीत शेजारी पंखे चालू होते, वीज फक्त आमचीच गेली होती. अडीनडीला ठेवलेला छोटा सिलिंडर जोडला तर त्याचा काटा लाल खुणेला टेकलेला. आईचे ओठ निळसर दिसू लागले. शेजारच्या सरोजाम्मा धावत आल्या, आईला पुढे वाकवून धरलं आणि म्हणाल्या, "नुव्वु वेळ्ळम्मा, नेनुन्ना." तू जा, मी आहे.

फ्यूज उडाला असेल म्हणून बाबांच्या पिशवीतला जादा फ्यूज घेऊन मी खाली मीटरपाशी गेले. आमच्या फ्यूजची जागा रिकामी होती. कुणाचा हा चावटपणा, म्हणून माझं डोकं भडकलं. "दत्ता, आता तरी," तोंडातून निघून गेलं आणि मी फ्यूज लावायला हात पुढे केला. तो तिथेच थांबला. मला कुणी अडवलं नाही, आवाजही आला नाही. फक्त बाबांचा शर्ट डोळ्यांपुढे आला, खिसा फुगलेला.

मी हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही, वॉचमनही जागेवर नव्हता. वर आईचा श्वास संपत आला होता आणि ती रिकामी जागा भरायला पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नसता. तेव्हा मी लावला असता, तर मला कुणी दोष दिला नसता. मी फ्यूज मुठीत घट्ट धरला आणि तारेवर कोण आहे ते शोधायला जिन्याकडे पळाले. आमच्या दारावरून जाताना आईची धाप ऐकू आली, तरी थांबले नाही.

गच्चीवर टाकीशेजारी एक माणूस गुडघ्यांवर बसला होता. दोन्ही हातांत उघडी तार.

"भैया, फ्यूज?"

त्यानं खिशावर हात मारला. "मेरे पास है, अम्मा. जीने के बत्ती का तार है ना, नीचे वॉचमनकू बोलके आया मैं."

तेव्हा उलगडा झाला. जिन्यातला आणि गच्चीवरचा दिवा बाबांनी कधीकाळी आमच्याच मीटरवरून दिला होता, कुणाला न सांगता; तारेचा माग काढत हा आमच्या फ्यूजपर्यंत पोचला होता. आईचं सांगताच त्यानं तारेची टोकं झाकली आणि माझ्या आधी तो खाली पोचला. मी घरात शिरले तेव्हा मशीन पुन्हा गुरगुरत होतं. थोड्या वेळानं आईनं माझा हात दाबला. मी तिच्या कुशीत तोंड घालून रडले.

त्याला पाणी देताना विचारलं, फ्यूज खिशात ठेवायला कुणी शिकवलं?

"उस्ताद बोले थे. उनकू उनके मास्टरसाब सिखाए बोलते."

मास्टरसाबांचं नाव न विचारता मी त्याचा पेला पुन्हा भरला.

मी दत्ताकडे एक श्वास मागितला होता. त्यानं आधी माझ्या हातून एका परक्याचा श्वास राखून घेतला, मगच आईचा परत दिला. शरण जाणं म्हणजे हात जोडणं, एवढंच मला ठाऊक होतं. पुढे केलेला हात मागे घेणं हेही त्यातच येतं, हे त्या दुपारी कळलं. माझा अबोला सुटला. जादा फ्यूज आता दत्तापुढे आहे, आणि जिन्यातला दिवा अजून आमच्याच मीटरवर जळतो.