सात रविवारांचा नकार

भिंगारच्या एका हॉलमध्ये दर रविवारी संध्याकाळी जोडीजोडीने टँगो नाचतात, हे सांगूनही कुणाला खरं वाटत नाही. पुष्पावतीबाईंनाही वाटलं नव्हतं. दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स म्हणून राबून त्या रिटायर झाल्या, आणि हा नाच शिकवणाऱ्या शेजारच्या मोनिकाने त्यांना हाताला धरून क्लासला नेलं. पावलं त्या चटकन शिकल्या. झोपलेल्या वॉर्डात आवाज न करता फिरायची सवय अशी कामी आली.

घोडं अडलं ते रविवारी. त्या दिवशी क्लास नसतो. कुणी बोलावलं तरच नाचायचं. सात रविवार बाई इस्त्रीची साडी नेसून खुर्चीत बसल्या आणि तशाच घरी आल्या. आठव्या रविवारी त्यांनी मोनिकाला सांगून टाकलं, "आज शेवटचं. म्हातारीला कोन इचारतंय?"

मोनिकाने कपाळावर हात मारला. "मावशी, नकार तर तुम्हीच देताय! पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, इथे तोंडाने विचारत नाहीत. लांबून बघतात. नजरेला नजर देऊन मान हलवली तर हो. खाली पाहिलं तर नको. बिभीषणकाका सात रविवार तुमच्याकडे बघताहेत."

"आमाला वाटलं, ते तरण्या पोरींसाठी हाय."

परक्या पुरुषाकडे डोळे वर करून बघायचं नाही, हे आईने माहेरी देवळाली प्रवऱ्याला असतानाच पक्कं शिकवलं होतं. पुढे लग्न ठरवतानाही त्यांना कुणी विचारलं नव्हतं. बदली करतानाही नाही. 'नको' म्हणायची मोकळीक ठेवून आयुष्यात त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. आणि हा गृहस्थ सात वेळा विचारून, सात वेळा नकार घेऊन, एक पाऊलही पुढे आला नव्हता. बाईंना एकदम भरून आलं.

गाणं सुरू झालं. बाईंनी मान वर केली. समोरच्या भिंतीशी बिभीषणराव बसले होते, लष्करात रणगाडा चालवून निवृत्त झालेले. नजरानजर झाली. बाईंनी मान हलवली, आणि या शूर गड्याने मागे वळून पाहिलं! मागे भिंतच होती. बाईंनी हसू दाबत पुन्हा मान हलवली. तेव्हा कुठे ते शर्ट सारखा करत उठून आले.

"लई उपकार झाले तुमचे," बाई म्हणाल्या.

"ते कशाचे?"

"थांबलात ना, त्याचे."