फायलीतून काढलेलं पान

पहिल्या हॉस्पिटलनं मला फसवलं आणि दुसऱ्या हॉस्पिटलला मी. पहिली गोष्ट मी हैदराबादच्या आमच्या बेगम बाजारात भेटेल त्याला ऐकवली आहे. दुसरी आजवर कुणालाच नाही — नवऱ्यालाही नाही.

माझा राग खोटा नव्हता, एवढं आधी ऐका. आमचे हे न्हाणीघरात घसरले, खुबा मोडला. ऑपरेशन झालं आणि जखम वाहायला लागली. विचारावं तर एकच उत्तर — थोडं पाणी सुटतंय, होईल ठीक. शेवटी भांडून सुट्टी घेतली, तेव्हा फायलीत एक पान सापडलं. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. गल्लीतल्या औषधवाल्या सलीमभाईंना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "भाभी, ये दवाखानेकाच जंतू है. इसपे बहोत दवाइयाँ चलतीच नै. नये दवाखानेमें पहलेच बोल देना, भाईसाबकू अलग रखते."

म्हणजे मला माहीत होतं. कळतंय ना? माहीत होतं.

मी भांड्यांची ठोक व्यापारी. नांदेडकडून लग्न होऊन आले, फुटपाथवर चमचे विकत विकत स्वतःचं दुकान उभं केलं. पातेल्याला पोचा आला असेल तर ती बाजू भिंतीकडे करायची, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. गिऱ्हाइकाला दिसलं तर दिसलं. आपण होऊन कशाला दाखवायचं? आणि दाखवलं तर खाट मिळाली असती का? दोन ठिकाणी 'जागा नाही' ऐकून झालं होतं. पुढच्या हॉस्पिटलला जाताना गाडीतच मी ते पान काढलं, घड्या घालून पर्समध्ये कोंबलं. डॉक्टरांनी विचारलं, जखमेतला पू तपासल्याचा रिपोर्ट आहे का? मी म्हणाले, "दिलाच नाही मेल्यांनी." वर चार शिव्याही घातल्या — विश्वास बसावा म्हणून.

यांना आठ खाटांच्या वॉर्डात ठेवलं. नव्या तपासणीचा निकाल यायला तीन दिवस लागले. शेजारच्या खाटेवर मल्लेश होता — रंगकाम करणारा, परांचीवरून पडून पाय मोडलेला. त्याची बायको यादम्मा. यांना उठवायचं असलं की ती धावून हात द्यायची, आणि मग तशीच जाऊन मल्लेशच्या पायाखालची उशी सारखी करायची. मी बघत होते. हो — बघत होते. घासाघिशीत मला बाजारात कुणी हरवत नाही. आणि इथं एक वाक्य तोंडातून निघेना?

निकाल आला तसं यांना वेगळ्या खोलीत हलवलं. आठवड्याभरात मल्लेशची जखम वाहू लागली. तोच जंतू. त्याला साखरेचा आजार होता, अंगात झुंजायची ताकद नव्हती. आमचे हे काठी टेकत का होईना, चालत घरी आले. मल्लेश गेला.

कशावरून जंतू यांच्याकडूनच त्याला लागला? हॉस्पिटलमध्ये जंतूंना तोटा आहे का? — हा सौदाही मी स्वतःशी करून पाहिला. पटला नाही.

पण सांगायचं ते अजून राहिलंच आहे. सगळ्यात वाईट ते.

हॉस्पिटलला जबाब विचारायचा म्हणून यादम्मा दुकानात आली. "अक्का, तुमको बात करना आता. तुम चलो मेरे साथ." आणि मी गेले! ज्या हॉस्पिटलला फसवलं होतं, त्यांच्याच टेबलावर मी हात आपटला. जंतू हातातून पसरतो म्हणता, मग कुणाचे हात? दोघांचं ड्रेसिंग सुजाता नावाची सिस्टर करायची. तिला बोलावलं. "मैं हर बार हाथ धोई, मॅडम," ती म्हणाली. "मग काय हवेतून आला?" मी ओरडले. पुढच्या आठवड्यात तिला कामावरून काढलं. तिला कुणी आधी सांगितलं असतं तर ती यांना हात लावताना हातमोजे, गाऊन, सगळं घालून आली असती. कोण सांगणार होतं? यादम्मानं माझे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले. मी लावू दिले.

याला तीन वर्षं झाली. ती अजून मला अक्का म्हणते, दसऱ्याला सीताफळं आणून देते. मी ती खाते.

हे सगळं मराठीत लिहिलं, कारण यादम्माला मराठी वाचता येत नाही — बघा, इथंही मी चलाखी केलीच. म्हणून उद्या तिच्या घरी जाऊन तोंडानं सांगणार आहे, आणि तिथून हॉस्पिटलला लेखी देणार आहे, सुजाता सिस्टरच्या नावासकट. त्या दिवशी मी जबाब मागितला तो चुकीच्या माणसाकडून. मल्लेशच्या मरणाचा जबाब माझ्याकडून घ्या.